टिकण्याची कसोटी : जुने व्हिडिओ गेम, झाशी आणि ‘माझा प्रवास’

१

जुनी कलाकृती आजच्या आस्वादकासमोर टिकते की नाही, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. ‘अभिजात’ या संकल्पनेच्या मुळाशी तोच प्रश्न असतो. मात्र साहित्याच्या क्षेत्रात त्याचे उत्तर बहुधा आदराच्या आवरणाखाली झाकले जाते. अभ्यासक्रमात नेमलेले जुने पुस्तक विद्यार्थ्याने अर्ध्यावर ठेवले, तरी त्यामुळे पुस्तकाचे अभिजातपण उणावले असे कोणी मानत नाही. उणेपणा वाचकाच्या पदरी टाकला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, आणि त्यानंतर हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात पुष्कळ उच्चारला गेला. त्या निर्णयाचा आधार भाषेचे प्राचीनत्व आणि तिची वाङ्मयपरंपरा हा होता व तो उचितच होता. परंतु भाषा प्राचीन ठरली म्हणून तिच्यातील अमुक एक ग्रंथ आज वाचला जाण्यास समर्थ आहे, असे आपोआप सिद्ध होत नाही. दर्जा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात हाच प्रश्न गेली काही वर्षे अधिक रोखठोकपणे विचारला जात आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांतील नावाजलेले खेळ आजच्या खेळाडूला रुचतात काय, की त्यांची थोरवी केवळ ते बालपणी खेळलेल्यांच्या स्मरणातच उरली आहे, हा वाद तेथे सतत चालू असतो. तेथे आदराचा आडपडदा नाही. हातातील कळ दाबल्यावर जे घडते ते खेळाडूला पटले नाही, तर तो खेळ बंद करतो. पुस्तकाची पाने न वाचताही उलटता येतात. खेळ मात्र खेळल्यावाचून पुढे सरकत नाही. त्यामुळे टिकणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा या क्षेत्रात अधिक स्पष्टपणे होण्याचा संभव आहे.

प्रस्तुत निबंधात हा उलगडा मराठीतील एका ग्रंथाला लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा तो ग्रंथ, आणि १८५८ ची झाशी हे त्याचे केंद्र. या निवडीला दोन कारणे आहेत. या ग्रंथाच्या संपादनाचा इतिहास जुन्या खेळांच्या पुनर्निर्मितीच्या इतिहासाशी विलक्षण जुळतो. आणि ज्या राणीचे दर्शन या ग्रंथात घडते, ती पुढे स्वतःच एका व्हिडिओ गेममधील पात्र झाली.

२

जुना खेळ आजच्या खेळाडूला अवघड का जातो, याची तीन कारणे वेगळी काढता येतात. पहिली अडचण यंत्राची. जुन्या यंत्राची स्मृती तोकडी, रंग मोजके, ध्वनी खरबरीत, चित्रे ठोकळ्यांची. दुसरी अडचण व्यवहाराची. नाण्यावर चालणाऱ्या पार्लरमधील खेळ मुद्दाम कठीण ठेवले जात, कारण खेळाडू लवकर हरला तरच पुढचे नाणे पडे. तेच खेळ घरगुती यंत्रांवर आले तेव्हा नाणे गेले, पण काठिण्य बऱ्याच अंशी तसेच राहिले. तिसरी अडचण नियमाची. म्हणजे खेळाने स्वतःच्या अर्थासाठी घालून घेतलेल्या बंधनाची.

या तिसऱ्या अडचणीचे चांगले उदाहरण म्हणजे जॉर्डन मेक्नर यांचा १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या. परिणामी या राजपुत्राच्या शरीराला वजन आहे. धावता धावता तो एका क्षणात थांबत नाही. उडी घेण्यापूर्वी त्याला पाऊल जुळवावे लागते. कळ दाबताच हालचाल घडण्याची सवय असलेल्या आजच्या खेळाडूला तो प्रथम जड वाटतो. पण खेळासाठी दिलेली ६० मिनिटांची मुदत, खोल खड्डे आणि वर-खाली होणारी पाती यांचा सगळा ताण या जडपणावरच उभा आहे. तो काढला तर खेळ सोपा होईल, परंतु तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ राहणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण ‘टेट्रिस’चे. अलेक्सेय पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या या खेळाला चित्रांचे वैभव कधीच नव्हते; नियम मात्र मिनिटभरात कळतो आणि आयुष्यभर पुरतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने या खेळाची १९८९ ची आवृत्ती इतक्या पुढच्या पातळीपर्यंत नेली, की तो कार्यक्रमच गोठून थांबला. मानवी खेळाडूने तेथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. आपल्या जन्मापूर्वी दोन दशके निघालेल्या खेळाविषयी त्या मुलाला स्मरणरंजन असण्याचे कारण नव्हते. खेळात अद्याप न गाठलेले काही शिल्लक होते, एवढेच त्याला पुरेसे होते.

यावरून एक सूत्र हाती येते. यंत्राची आणि व्यवहाराची अडचण दूर केल्याने कृतीचे फारसे बिघडत नाही. नियमाची अडचण दूर केली की कृतीच नाहीशी होते. टिकणे म्हणजे सोपे असणे नव्हे. कृतीचा नियम नव्या माणसाला शिकता येणे, आणि शिकण्याच्या श्रमाचे मोल त्याला त्या कृतीतच मिळणे, याला टिकणे म्हणता येईल.

या सूत्राला एक पूर्वअट आहे : कृती उपलब्ध असली पाहिजे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विक्रीस उपलब्ध नव्हते. शिवाय नवी आवृत्ती कधीकधी जुनीला पुसून टाकते. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ची सुधारित आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा जुनी प्रत विकत घेतलेल्या खेळाडूंनाही एकत्र खेळण्यासाठी नव्याच कार्यक्रमाकडे वळावे लागले आणि जुन्यातील काही सोयी नाहीशा झाल्या. भारतात तर मूळ प्रतीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १९९० च्या दशकात येथील मध्यमवर्गीय घरांत ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आले ते मुख्यतः जपानी यंत्राच्या विनापरवाना नकलांवर, एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या प्रतींमधून. ज्या पिढीला हे खेळ अभिजात वाटतात, त्या पिढीतील अनेकांनी मूळ वस्तू पाहिलेलीच नसते. प्रथम भेटलेली प्रत हीच त्यांच्या दृष्टीने मूळ ठरते.

३

‘माझा प्रवास’च्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. पेणजवळच्या वरसई येथील विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. कुटुंबाची आर्थिक ओढाताण दूर व्हावी म्हणून १८५७ मध्ये ते काकांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असून तेथे मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. महूच्या परिसरात त्यांना बंडाची चाहूल लागली. पुढे ते ग्वाल्हेरमार्गे झाशीत पोचले आणि वेढ्यात सापडले. परतल्यानंतर सुमारे अडीच दशकांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने त्यांनी ही हकीगत लिहिली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली.

वैद्यांनी मूळ लेखन जसेच्या तसे छापले नाही. भाषा आपल्या काळच्या ग्रांथिक वळणावर आणली, काही मजकूर गाळला, काही बदलला. या हस्तक्षेपाकडे केवळ दोष म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. १९०७ हे बंडाचे पन्नासावे वर्ष होते; पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. अशा काळात इंग्रजी फौजेने झाशीत केलेल्या कत्तलीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन छापणे हे धाडसच होते. वैद्यांच्या आवृत्तीने हा ग्रंथ वाचकांपर्यंत पोचवला आणि जवळजवळ साठ वर्षे तोच ‘माझा प्रवास’ होता. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ स्वरूपातील पाठ प्रसिद्ध केला.

वरील तीन अडचणींच्या भाषेत बोलायचे तर, वैद्यांनी यंत्राची अडचण दूर केली, म्हणजे जुनी लेखनपद्धती आणि सैल वाक्यरचना सुधारली. त्यांनी व्यवहाराची अडचणही दूर केली, म्हणजे सरकारी रोष आणि शिष्ट वाचकाचा संकोच यांची काळजी घेतली. परंतु हे करताना नियमालाही हात लागला. गोडसे यांच्या गद्याचा नियम म्हणजे सांगणाऱ्या भिक्षुकाची जागा. तो इतिहास लिहीत नाही. कोणाकडून किती मिळाले, कोठे उतरलो, काय खाल्ले, कोणते स्नान घडले, याच्या ओघात त्याला राणी, तोफा आणि प्रेते दिसतात. त्याचे वाक्य ‘नंतर’, ‘मग’, ‘इतक्यात’ अशा सांध्यांनी घरात बसून सांगितल्यासारखे वाहते. पाहिलेले आणि ऐकलेले त्यात शेजारी शेजारी नांदतात. ग्रांथिक वळण दिल्याबरोबर हा सांगणारा अर्धा लेखक होतो, आणि त्याच्या भीतीला व हिशोबीपणाला जे मोल आहे ते उणावते.

येथे एक उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. १९०७ मध्ये जी आवृत्ती वाचकाला सोयीची होती, ती आजच्या वाचकाला दुहेरी जुनी वाटते : आशय १८५७ चा, भाषेचा शिष्टपणा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. पोतदारांचा पाठ सुरुवातीला अवघड जातो, पण पंधरा-वीस पानांत वाचकाचा कान त्याला सरावतो. मग हे गद्य बोलीच्या इतके जवळ असल्याचे जाणवते, की मधल्या काळातील कित्येक ग्रांथिक पुस्तकांपेक्षा ते अधिक ताजे वाटते. पुनर्निर्मिती आपल्या काळाला बांधलेली असते आणि त्या काळाबरोबर जुनी होते. मूळ कृती अवघड असली तरी तिच्यापुढे हा धोका कमी असतो. खेळांच्या क्षेत्रातील अनुभव यापेक्षा निराळा नाही.

४

हा नियम झाशीच्या प्रकरणात कसा काम करतो, हे पाहणे आवश्यक आहे. गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये निवर्तले, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने शहराला वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ही कालरेखा कोणत्याही इतिहासग्रंथात मिळते. गोडसे यांच्याकडे मिळते ते वेगळे : रात्रीच्या तोफगोळ्यांचा उजेड, गल्लीतील जाळपोळ, लपून काढलेला काळ, जवळचे द्रव्य लुटले जाणे, आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाल्याची हळहळ. शहर पडले त्या हकीगतीत पोथ्यांसाठी दुःख करणारा हा निवेदक आपल्या जागेवरून हललेला नाही. ज्याचे पोट पोथीवर चालते, त्याला पोथी जळताना दिसणारच.

राणीचे चित्रही याच जागेवरून येते. तिची दिनचर्या, व्यायाम, घोड्यावरील बैठक, दानधर्म हे सारे आश्रित ब्राह्मणाच्या नजरेने टिपलेले आहे. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर गोडसे यांना ती पुन्हा भेटते. तहानलेली, प्रवासाने मळलेली राणी विहिरीपाशी आली असता हा भिक्षुक पाणी काढून देऊ लागतो. त्याने आपल्यासाठी ते काम करू नये म्हणून ती त्याला अडवते. प्रसंग एवढाच आहे. त्यात तलवार नाही, घोषणा नाही. पण ज्या वाचकाने तोवर निवेदकाचा नियम आत्मसात केला आहे, म्हणजे कोण कोणाला देतो, कोण कोणाकडून घेतो, याकडे पाहण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला या विहिरीपाशी राज्य गेल्याची पूर्ण जाणीव होते. काल परवापर्यंत दान देणारी आज ब्राह्मणाचे श्रम घ्यायला संकोचते. हा परिणाम उताऱ्यापुरता वाचून मिळत नाही. आधीच्या दक्षिणेच्या याद्या कंटाळवाण्या म्हणून गाळल्या, तर विहिरीचा प्रसंग केवळ करुण उरतो.

राणीची नंतरची रूपे याच्या शेजारी ठेवून पाहावीत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे १८९४ चे चरित्र, वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ ची हिंदी कादंबरी, महाश्वेता देवी यांचा १९५६ चा बंगाली चरित्रग्रंथ, सोहराब मोदी यांचा १९५३ चा आणि कंगना राणावत यांचा २०१९ चा चित्रपट, अशी ही परंपरा आहे. प्रत्येकाने आपल्या काळाच्या गरजेनुसार राणी घडवली. या परंपरेच्या एका टोकाला ‘दि ऑर्डर : १८८६’ हा २०१५ चा व्हिडिओ गेम उभा आहे. त्यातील काल्पनिक लंडनमध्ये झाशीची राणी लक्ष्मी जिवंत आहे आणि एका बलाढ्य कंपनीविरुद्ध बंडखोरांचे नेतृत्व करते. १८५८ मध्ये पडलेल्या राणीला २८ वर्षांनंतर साम्राज्याच्या राजधानीत आणण्याची ही कल्पना तौलनिक अभ्यासकाला आकर्षक वाटावी अशीच आहे. दृश्यवैभवाच्या बाबतीत हा खेळ आपल्या काळात अग्रेसर मानला गेला. परंतु खेळाडूला पाहायला पुष्कळ आणि करायला थोडे, ही त्याच्यावरील मुख्य टीका होती. शिवाय तो प्लेस्टेशन ४ या एकाच यंत्रासाठी निघाला. वैभव यंत्राचे होते, नियम दुबळा होता. ठोकळ्यांचा ‘टेट्रिस’ चार दशके तरला. या खेळाचा उल्लेख दहा वर्षांतच देखाव्यापुरता उरला.

५

या तुलनेला दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला असा की खेळाचा नियम यंत्र लादते, ग्रंथाचा नियम वाचकाने मान्य करावा लागतो. म्हणून दोहोंची सांगड घालता येत नाही. हा भेद खरा आहे. वाचक याद्या गाळू शकतो, खेळाडू खड्डा गाळू शकत नाही. परंतु यावरून निष्पन्न होते ते इतकेच, की ग्रंथाच्या बाबतीत नियम सांभाळण्याची जबाबदारी यंत्राऐवजी संपादकावर आणि शिक्षकावर येते. तुलना त्यामुळे कोसळत नाही. उलट संपादनाचे महत्त्व अधिक ठळक होते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. गोडसे यांच्या दृष्टीला जातीची चौकट आहे. सोवळेओवळे, वर्णाचा अभिमान, अन्य जातींविषयीची आणि स्त्रियांविषयीची विधाने आजच्या वाचकाला खुपतात, आणि ती खुपली पाहिजेत. मग हा ग्रंथ टिकला असे कोणत्या अर्थाने म्हणावे? येथेही एका खेळाचा दाखला उपयोगी पडतो. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ या खेळाच्या २००७ च्या विस्तारात १८५७ च्या बंडावर बेतलेली एक मोहीम आहे. २०२० मध्ये या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ खेळातील ‘वसाहतीचे युग’ या टप्प्याचे नाव बदलून ‘व्यापाराचे युग’ करण्यात आले. शब्द सौम्य झाला. पण नव्या भूमीवर वस्ती करायची, तेथील संपत्ती गोळा करायची आणि सैन्य वाढवायचे, हा खेळाचा नियम तोच राहिला. शब्द बदलल्याने खेळाडूला नियम दिसेनासा होतो, एवढाच फरक. गोडसे यांच्या मजकुरातून खुपणारी वाक्ये वगळली तर ग्रंथ निर्दोष होणार नाही. फक्त त्याची चौकट वाचकापासून लपेल. टिकणे आणि पटणे हे समानार्थी नाहीत. ज्या ग्रंथाशी आजचा वाचक वाद घालू शकतो, तो ग्रंथ जिवंत आहे. ज्याच्यापुढे त्याला केवळ हात जोडता येतात, त्याच्याविषयी ही खात्री देता येत नाही.

‘माझा प्रवास’ आज मराठीबाहेरही वाचला जातो. अमृतलाल नागर यांनी तो हिंदीत आणला. इंग्रजीत मृणाल पांडे यांचा अनुवाद २०११ मध्ये, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा २०१४ मध्ये निघाला. मूळ भाषेबाहेरच्या वाचकाला मराठी स्मरणरंजनाचा आधार नसतो. ‘टेट्रिस’ खेळणाऱ्या मुलासारखा तो रिकाम्या हातांनी येतो. त्याच्यापर्यंत हा ग्रंथ पोचतो, हा त्याच्या टिकाऊपणाचा सबळ पुरावा मानता येईल.

मराठी अध्यापनापुढे यातून एक निश्चित काम उभे राहते. वैद्यांचा आणि पोतदारांचा पाठ समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घेणे, कोणता बदल यंत्राचा, कोणता व्यवहाराचा आणि कोणता नियमाचा आहे हे त्यांना ठरवू देणे, आणि अपरिचित शब्दांच्या टिपा देताना मजकुराला हात न लावणे, हे ते काम. झाशीच्या किल्ल्यावर आज ‘कडक बिजली’ तोफ पाहायला मिळते. शहरातील रेल्वे स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईचे नाव दिलेले आहे. स्मारकांची तेथे वाण नाही. त्या शहरातील गल्लीत, तोफगोळ्यांच्या उजेडात, काकांसह जीव मुठीत धरून बसलेला एक कर्जबाजारी भिक्षुक मात्र केवळ त्याच्या गद्यात भेटतो, आणि ते गद्य सुलभ न करता हाती दिले, तर आजच्या विद्यार्थ्यालाही भेटू शकतो.